क्री भाषेतली क्रियापदं: धातू कुठे संपतो आणि प्रत्यय कुठे सुरू होतो?

सोलकढी_सस्कॅचवान

नमस्कार मंडळी, धागा जरा आडवळणाचा आहे पण इथे भाषावेडे बरेच आहेत म्हणून टाकतेय. मी गेली तीन वर्षं कॅनडात, सस्कॅचवानमधल्या प्रिन्स अल्बर्टला आहे, लॅबमध्ये काम करते. इथे रक्त द्यायला येणाऱ्यांत क्री लोक (इथले मूळ रहिवासी) खूप, म्हातारी माणसं आपसात क्रीतच बोलतात, म्हटलं निदान चार वाक्यं तरी यावीत. म्हणून जानेवारीपासून दर मंगळवारी संध्याकाळी क्रीच्या क्लासला जाते. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि त्यांना सगळे 'कोकम' म्हणतात. इथे आजीला कोकमच म्हणतात, पहिल्या दिवशी मी एकटीच हसत होते आणि का हसतेय ते कुणाला सांगता येईना. (खरा शब्द 'कोह्कोम', म्हणजे 'तुझी आजी'. माझी आजी म्हणायचं तर 'नोह्कोम'. नुसती 'आजी' असा सुटा शब्दच नाही, कुणाची ते आधी सांगा!)

तर अडलंय असं. 'निपाव' म्हणजे तो किंवा ती झोपते. 'नि' म्हणजे मी, 'कि' म्हणजे तू. मी आपलं सरळ जोडलं, 'निनिपाव', मी झोपते. कोकम हसल्या आणि म्हणाल्या 'निनिपान'. बरं, न लावायचा. मग 'चालतो' ला 'पिमोह्तेव', म्हणून मी म्हटलं 'निपिमोह्तेन', तर म्हणे नाही, 'निपिमोह्तान'. ए चा आ का झाला? 'काम करतो' म्हणजे 'अतोस्केव', तर 'मी काम करते' हे 'नितअतोस्कान'. हा त कुठनं आला?

आणि मुख्य म्हणजे 'किवापमितिन'. अर्थ 'मी तुला बघते'. बघणारी मी, मग सुरुवातीला 'कि' का? मी तर वहीत चक्क उलटं लिहून घेतलं होतं.

कोकमना 'का' विचारलं की त्या म्हणतात, आम्ही असंच बोलतो. बरोबरच आहे म्हणा, मला कुणी विचारलं 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' असं का तर मी तरी काय सांगणार.

---

तिरकी_मात्रा

वा, क्रीवर मराठीत धागा! मी एडमंटनला असते, भाषाशास्त्रात एमए केलंय (त्याचा नोकरीला शून्य उपयोग) आणि दोन वर्षं क्री शिकतेय, म्हणजे तुझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर, जास्त नाही. एकेरी बोलते, चालेल ना?

आधी धातू. क्रीच्या डिक्शनरीत क्रियापद 'तो/ती करतो' या रूपात देतात, म्हणजे निपाव, पिमोह्तेव, अतोस्केव. शेवटचा 'व' हा त्या तिसऱ्या माणसाचा आहे, धातूचा नाही. तो काढ, उरतं ते निपा, पिमोह्ते, अतोस्के, हे धातू. आणि गंमत म्हणजे एकट्या माणसाला हुकूम सोडायचा तर हाच धातू नुसता म्हणायचा, 'निपा!' झोप. आपल्याकडे 'झोपणे' मधला 'णे' काढला की 'झोप' उरतं, तसंच. अनेकांना 'निपाक', आणि 'चला झोपूया' ला 'निपातान'. अजून एक आहे, 'निपाह्कन', म्हणजे आत्ता नाही, नंतर झोप. मराठीत आपण 'झोप' म्हणतो आणि 'झोपशील हं' म्हणतो, त्यातला जो फरक आहे ना, त्यासाठी त्यांच्याकडे वेगळं आज्ञार्थी रूपच आहे. मला हे फार आवडतं.

आता तुझं 'निनिपाव' का चुकलं. नि आणि न ही जोडी आहे, पुढून एक तुकडा आणि मागून एक, मधे धातू. तू पुढून 'मी' लावलंस आणि मागून 'तो' ठेवलास, म्हणजे मराठीत 'मी झोपतोस' म्हणण्यासारखं झालं. कोकम हसल्या त्यात नवल नाही. सगळी रूपं एकदा लिहून काढ:

निनिपान, मी झोपते
किनिपान, तू झोपतेस
निपाव, तो/ती झोपते
निनिपानान, आम्ही झोपतो
किनिपानव, आपण झोपतो
किनिपानावाव, तुम्ही झोपता
निपावक, ते झोपतात

चौथी आणि पाचवी ओळ बघितलीस का? आम्ही आणि आपण! इंग्रजीतनं शिकणाऱ्यांची इथे पहिली दांडी उडते, मास्तर अर्धा तास फळ्यावर गोल काढून समजावत असतात की ऐकणारा आत की बाहेर. आमच्या वर्गात मी आणि एक तमिळ मुलगा, आम्ही दोघं नुसते बसून होतो कारण हे घरचंच.

ए चा आ होतो तो फक्त मी, तू, आम्ही, आपण, तुम्ही मधे, आणि तोही ए ने संपणाऱ्या धातूंचाच. पिमोह्तेव, पण निपिमोह्तान. आणि त हा निव्वळ चिकटवायला, 'नि' किंवा 'कि' च्या पुढे स्वर आला की दोन स्वर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मधे त घालतात. त्याला अर्थ काही नाही.

पण थांब, आनंद करू नकोस. हे झालं साध्या वाक्याचं. दुसरा आख्खा संच आहे ज्यात नि-कि काही लागतच नाही, पुढे 'ए' लागतो आणि माणूस शेपटीत कळतो. ए-निपायान म्हणजे मी झोपते/झोपत असताना, ए-निपायन म्हणजे तू, ए-निपात म्हणजे तो. आणि इथे पिमोह्ते चा ए जागच्या जागी राहतो, ए-पिमोह्तेयान. पुस्तकात सांगतात की हा संच जोडवाक्यासाठी, पण लोक रोजच्या बोलण्यात साध्या वाक्यालाही सर्रास वापरतात. नकार पण दोन, पहिल्या संचाला 'नमोया', या दुसऱ्याला 'एका'.

यान आणि यन नीट ऐक. मी आणि तू मधला फरक फक्त आ आणि अ चा आहे. तसंच ए-निपायाह्क म्हणजे आम्ही, ए-निपायह्क म्हणजे आपण. रोमनमध्ये डोक्यावर आडवी रेघ देऊन दाखवतात आणि अर्धे लोक ती रेघ द्यायला विसरतात. तू वहीत सरळ देवनागरीत लिही, मी तेच करते. फक्त शब्दाच्या शेवटी अ आला की पंचाईत होते, आपण तो वाचताना गिळतो, म्हणून मी '-अ' असं तोडून लिहिते.

'कि' चं लांबण आहे, रात्री लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

---

खेकडाभजी

कोकम वाचून आत आलो, वाटलं पाककृती असेल. आता आलोच आहे तर सगळं वाचलं, निम्मं डोक्यावरून गेलं पण मजा आली.

एक विचारायचं होतं, या लोकांची ती त्रिकोणी-त्रिकोणी लिपी असते ना, तिचा आणि देवनागरीचा संबंध आहे असं कुठेतरी वाचलं होतं, खरं का खोटं?

---

अष्टाध्यायीकाका

भजीसाहेब, संबंध आहे असं बरेच अभ्यासक मानतात. जेम्स इव्हान्स नावाचा मिशनरी १८४० मध्ये मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउसला आला आणि त्यानं ही लिपी छापली, त्याला पिटमनची शॉर्टहॅंड आणि थोडीफार देवनागरी ठाऊक होती असं सांगतात. क्री लोकांची स्वतःची परंपरा वेगळं सांगते, की ही लिपी मिस्तनास्कोवेव नावाच्या माणसाला, इंग्रजीत ज्याला कॉलिंग बॅजर म्हणतात, त्याला परलोकातून मिळाली आणि मिशनऱ्यानं ती त्यांच्याकडून उचलली. काही असो, रचना बघा. प साठी एक कोन. टोक खाली केलं की पे, वर केलं की पि, उजवीकडे पो, डावीकडे प. आपण व्यंजनाला काना-मात्रा लावतो, ते व्यंजनच फिरवतात. दीर्घ असेल तर वर टिंब.

आता ताईंच्या 'कि' कडे येतो, तिरकी मात्रा यांचा कुकर होईपर्यंत. मी निवृत्त माणूस, संस्कृत शिकवलं आयुष्यभर, क्री बोलता येत नाही पण व्याकरण पुष्कळ वाचलंय. कारण ब्लूमफील्ड. हा अमेरिकन भाषापंडित पाणिनीचा निस्सीम भक्त, त्याचं व्याकरण म्हणजे मानवी बुद्धीच्या थोर स्मारकांपैकी एक असं त्यानं १९३३ मध्ये लिहून ठेवलंय, आणि हाच माणूस १९२५ च्या उन्हाळ्यात तुमच्याच सस्कॅचवानमध्ये स्वीट ग्रास रिझर्ववर, म्हणजे क्री लोकांच्या राखीव वस्तीवर, जाऊन बसला आणि क्री कथा उतरवून घेतल्या. क्री क्रियापदांचे आज जे चार वर्ग शिकवतात ती वाटणी त्याच्याच परंपरेतली.

चार वर्ग असे. कर्ता सजीव आणि कर्म नाही, कर्ता निर्जीव आणि कर्म नाही, कर्म सजीव, कर्म निर्जीव. वर्ग बदलला की धातूच बदलतो. 'वापिव' त्याला दिसतं, म्हणजे दृष्टी आहे. 'वापह्तम' तो ती वस्तू बघतो. 'वापमेव' तो त्या माणसाला बघतो. तिन्हीत मूळ 'वाप' एकच, पुढचा तुकडा ठरवतो की समोर जीव आहे की वस्तू. मराठीत आपण 'पुस्तक बघितलं' पण 'रामाला बघितलं' म्हणतो ना, सजीव आला की 'ला' लागतो. आपण तो फरक नामावर दाखवतो, ते क्रियापदाच्या पोटात दाखवतात.

आता कर्म सजीव असलेला वर्ग, तिथेच तुमचा कि. ही चार रूपं शेजारी शेजारी ठेवा:

किवापमिन, तू मला बघतेस
किवापमितिन, मी तुला बघते
निवापमाव, मी त्याला बघते
निवापमिक, तो मला बघतो

पुढचा नि किंवा कि 'कोण करतो' हे सांगतच नाही. तो एवढंच सांगतो की या भानगडीत कोण कोण आहे, आणि त्यात मान कोणाचा आधी. क्रीत पहिला मान 'तू' चा, मग 'मी', मग 'तो'. तू असलास की कि आलाच, मग तू बघ नाहीतर तुला कुणी बघो. बघणं कुणाकडून कुणाकडे गेलं ते मागच्या प्रत्ययात. 'इ' असेल तर तू कडून मी कडे, 'इति' असेल तर उलट. 'आ' असेल तर वरच्याकडून तिसऱ्याकडे, 'इक' असेल तर तिसऱ्याकडून वर. आणि म्हणूनच वर 'आपण झोपतो' ला कि लागला, आपण मध्ये तू आहेस ना.

---

तिरकी_मात्रा

काका, कुकर झाला आणि माझं अर्धं काम पण तुम्ही केलंत, धन्यवाद :)

एकच भर. 'निवापमिक' ला लोक लगेच कर्मणी प्रयोग म्हणतात, 'मी त्याच्याकडून पाहिला जातो' छाप. तसं नाहीये ते. बोलताना ते अगदी साधं 'तो मला बघतो' आहे, ते म्हणायचा दुसरा मार्गच नाही. कर्मणीत आपल्याला निवड असते, इथे नाही.

आणि मराठी माणसानं एका क्रियापदात दोन माणसं म्हटल्यावर घाबरायचं कारणच नाही. 'तू पोळी खाल्लीस' घ्या. 'खाल्लीस' मध्ये 'ली' पोळीची आणि 'स' तुझा. 'तू आंबा खाल्लास', ला आंब्याचा, स तुझाच. आपण दोघांना एकाच क्रियापदावर बसवतोच की, कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच.

---

अष्टाध्यायीकाका

'खाल्लीस' चं उदाहरण झकास, पण सांभाळून हो. मराठीत ती गोष्ट भूतकाळापुरती आहे आणि तिच्यात मानाची उतरंड नाही. साम्याच्या फार मागे लागलं की पुढे ठेच लागते. उदाहरणार्थ हे बघा, दोन तिऱ्हाईत माणसं आली की काय होतं.

नापेव वापमेव इस्क्वेव-अ
नापेव वापमिक इस्क्वेव-अ

नापेव पुरुष, इस्क्वेव बाई. शब्दांचा क्रम तोच, बाईच्या शेपटीला दोन्हीकडे अ तोच. पहिल्याचा अर्थ पुरुष बाईला बघतो, दुसऱ्याचा बाई पुरुषाला बघते. फिरलं फक्त 'एव' चं 'इक'. तो अ म्हणजे द्वितीया विभक्ती नव्हे, तिथेच आमच्यासारखे संस्कृतवाले फसतात. तो सांगतो की गोष्ट पुरुषाची चालली आहे, बाई बाजूची. आपल्याकडे 'सुरेशने रमेशला त्याच्या घरी सोडलं' म्हटलं की घर कुणाचं यावर वाद घालत बसा. क्रीत तो वाद उद्भवतच नाही, दोघांपैकी एकाला अ ची खूण असते आणि गोष्ट संपेपर्यंत कोण कोण ते कळत राहतं. ब्लूमफील्डनं उतरवलेल्या कथांमध्ये हे पानोपानी दिसतं.

---

सोलकढी_सस्कॅचवान

अरे देवा, मी दोन महिने वहीत 'कि = करणारा तू' असं लाल पेननं लिहून ठेवलं होतं. आत्ता खोडलं. आणि 'किसाकिहितिन' म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे पण आत्ता सुटलं, कि आहे, साकिह आहे, इति आहे, मी कडून तू कडे. किसाकिहिन म्हटलं असतं तर उलट झालं असतं.

सजीव-निर्जीववरून माझी फजिती सांगते. क्लासला कुणीतरी बॅनक आणतं, जाड भाकरीसारखा तव्यावरचा पाव, क्रीत 'पह्क्वेसिकन'. मी मोठ्या ऐटीत म्हटलं 'निमीचिन पह्क्वेसिकन', मी पाव खाते. सगळे हसले. पाव सजीव आहे! 'मीचिव' हे निर्जीव वस्तू खाण्याचं, सजीव खायचं असेल तर धातूच वेगळा, 'मोवेव', म्हणून 'निमोवाव पह्क्वेसिकन'. आणि नुसतं 'जेवते' म्हणायचं तर तिसराच, 'निमीचिसोन'. पायातला मोजा पण सजीव आहे आणि बूट निर्जीव. मोजा लाल असेल तर 'मिह्कोसिव', बूट लाल असेल तर 'मिह्क्वाव', कारण लाल हे पण क्रियापदच. रासबेरी सजीव, स्ट्रॉबेरी निर्जीव. मी विचारलं का, तर कोकमनी मला विचारलं तुमच्या भाषेत टेबल पुरुष का बाई, मी म्हटलं तिसरंच काहीतरी, मग दोघी गप्प बसलो.

दोन शंका अजून. 'मला झोपायचं होतं' कसं म्हणतात, आणि त्यात नि कुठे घालायचा? आणि कोकम 'मी' ला 'निया' म्हणतात पण लॅबमध्ये उत्तरेकडून आलेले एक आजोबा 'नीदा' का 'नीधा' असं काहीतरी म्हणाले, मी चुकीचं ऐकलं का?

---

मॅनिटोबाचा_मावळा

शेवटच्या शंकेचं मी सांगतो, मी थॉम्पसनला चार वर्षं काढली खाणीच्या नोकरीत. तुम्ही बरोबर ऐकलंत. ते वुड्स क्री असणार, ते लोक य च्या जागी इंग्रजी 'दॅट' मधला द काढतात. मैदानी क्री निया, वुड्सवाले नीदा, स्वाम्पी क्री म्हणजे आमच्याकडचे नीना, ऑन्टारियोत मूसकडे नीला, आणि क्यूबेकमधल्या अतिकामेक्वांकडे र. एकाच आवाजाच्या पाच तऱ्हा आणि माणूस कुठला ते एका शब्दात कळतं. तुम्ही नेटवर काही शोधलंत तर आधी बघा कुठली क्री आहे, मी सुरुवातीला दोन्हीची भेळ केली होती आणि खाणीतले मित्र पोट धरून हसायचे.

डिक्शनरीला 'इत्वेविना' वापरा, अल्बर्टा युनिव्हर्सिटीची आहे, ऑनलाइन, फुकट. त्यात 'निनिपान' असं पूर्ण रूप टाकलं तरी ते धातू शोधून देतं आणि सगळ्या रूपांचा तक्ता पण दाखवतं. मैदानी क्रीचीच आहे, म्हणजे तुम्हाला चालेल.

---

तिरकी_मात्रा

+१ इत्वेविनाला.

झोपायचं होतं: 'निकी-नोह्ते-निपान'. नि सगळ्यात पुढे, मग की म्हणजे झालेलं, नोह्ते म्हणजे इच्छा, मग निपा, मग न. आगगाडीसारखं, इंजिन नि, गार्डाचा डबा न, मधे पाहिजे तेवढे डबे जोड. 'वी' लावलास तर बेत आहे, 'काक्वे' नाही, 'कक्वे' लावलास तर प्रयत्न करतेय, 'पे' म्हणजे इकडे येत. आणि हो, ऱ्हस्व कि म्हणजे तू, दीर्घ की म्हणजे भूतकाळ, 'किकी-निपान' तू झोपलास. परत तेच, देवनागरीत लिही.

डबे बाहेर जोडतात तसे धातूच्या आतही तुकडे असतात, ते तर माझं सगळ्यात लाडकं. 'पीको' म्हणजे मोडणं. हातानं मोडलं तर 'पीकोनम', ओढून फाडलं तर 'पीकोपितम', आपलं आपण मोडलं तर 'पीकोपयिन'. तो हातवाला न आणि ओढण्याचा पित दुसऱ्या शेकडो क्रियापदांत भेटतात. शरीराचे अवयव पण आत घुसतात, 'कासीह्क्वेव' तोंड धुतो, 'कासीचिह्चेव' हात धुतो, ह्क्व मध्ये चेहरा आणि चिह्च मध्ये हात. शब्द पाठ करण्यापेक्षा हे तुकडे ओळखायला शिक, मग नवा शब्द अर्धा तरी आपोआप कळतो.

आणि एक धोक्याची सूचना, कर्म सजीव असलेल्या वर्गात काही धातू थोडे वाकतात. 'नकतेव' सोडून जातो, पण 'मला सोडून जातेस' म्हणताना 'किनकसिन', त चा स झाला. 'पेह्तवेव' त्याचं ऐकू येतं, पण 'मला तुझं ऐकू येतं' म्हणताना अव आणि इति मिळून आति होतं, 'किपेह्तातिन'. काकांना संधी म्हणून आवडेल.

---

अष्टाध्यायीकाका

आवडलं. त चा स हा तर सरळ आदेश, म्हणजे एका वर्णाच्या जागी दुसरा.

---

सोलकढी_सस्कॅचवान

काल क्लास झाला, म्हणून परत आले. या आठवड्यात कोकमना सर्दी झालीय त्यामुळे आवाज बसलेला, त्यांनी मागच्या बाकावर बघून विचारलं ऐकू येतंय का, आणि माझ्या तोंडून विचार न करता 'किपेह्तातिन' निघून गेलं. कि आधी, आति बरोबर. त्या थांबल्या, चष्मा वर केला आणि मग भराभर पुढचं काय काय बोलल्या त्यातलं मला फक्त 'कोना' म्हणजे बर्फ एवढंच कळलं (तो पण सजीव, विचारून घेतलं). शेवटी म्हणाल्या, 'किनिसितोह्तेन ची?' समजतंय का? तो 'ची' म्हणजे आपला 'का'.

मी म्हटलं, 'निनिसितोह्तेन अपिसीस.' समजतंय, थोडंसं.